एकसंध म्हणजे एकसुरी नव्हे

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव लागते. कांद्याचा आणि जनावरांचा बाजार ही या गावाची ओळख. शनिशिंगणापूरला जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. या परिसरातील शेतकऱ्याला इस्रायल हे नाव परके नाही. ठिबक सिंचनाची नळी, वाळवंटात फुलविलेली शेती आणि शत्रूंना पुरून उरणारे सैन्य एवढी सामग्री त्याच्या मनात त्या देशाचे चित्र उभे करण्यास पुरेशी असते. ‘इस्रायलसारखे व्हायला हवे’ हे वाक्य मराठी मुलुखात गेली कित्येक वर्षे ऐकू येते. वाक्य चांगले आहे. मात्र इस्रायलसारखे म्हणजे नेमके कशासारखे, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

दोन अर्धवट चित्रे

मराठी वाचकासमोर इस्रायलची दोन चित्रे आलटून पालटून ठेवली जातात. पहिले चित्र प्रशंसकांचे. त्यात सारे राष्ट्र एका आज्ञेत चालते, कोणी ब्र काढत नाही आणि म्हणूनच ते जिंकते. दुसरे चित्र आपल्याकडील तथाकथित पुरोगामी विचारवंतांचे. त्यांच्या मते इस्रायल म्हणजे युरोपातील गोऱ्यांनी पश्चिम आशियात थाटलेली वसाहत. बाकी काही पाहण्याची आवश्यकता नाही. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात. वस्तुतः दोघींची चूक एकच आहे. दोघींनाही त्या देशातील माणसे दिसत नाहीत.

दुसऱ्या चित्राचे खंडन करण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. इराक, येमेन, मोरोक्को, इराण येथून आलेले ज्यू, इथिओपियातून आलेले कृष्णवर्णीय ज्यू आणि रायगडच्या किनाऱ्यावरून गेलेले मराठी ज्यू यांना युरोपीय गोरे ठरविण्यासाठी विलक्षण प्रतिभा लागते. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास रशियन भाषक ज्यूंचा जो ओघ सुरू झाला, तो दहा लाखांच्या घरात गेला. देशातील सुमारे पाचवा हिस्सा नागरिक अरब आहेत. त्यांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि द्रूझही आहेत.

पहिले चित्र मात्र आपल्या स्वतःच्या घरातले आहे. म्हणून त्याचा समाचार अधिक कठोरपणे घेतला पाहिजे. १२० सदस्यांच्या क्नेसेटमध्ये आजवर एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळालेले नाही. १९६९ मध्ये एका आघाडीला ५६ जागा मिळाल्या, तोच आजवरचा उच्चांक! आज्ञाधारक, एकसुरी समाजाचे हे लक्षण खचितच नव्हे.

नवगावपासून दिमोनापर्यंत

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की, शतकानुशतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. ती कोकणात रुजली. तेल गाळण्याचा व्यवसाय त्यांनी पत्करला, पण शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी आडनावे त्यांनी घेतली. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८८० च्या सुमारास या समाजातील मंडळी हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर आपल्या धर्मग्रंथांतील आख्याने मराठीत गाऊ लागली. कवी निस्सीम इझिकेल, व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन सॅमसन, डॉ. जेरुशा झिराड, ‘बूट पॉलिश’मधील जॉन चाचा साकारणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर ही याच समाजाची देणगी.

हिंदू समाजाने ज्यूंचा छळ केला नाही, हे सत्य अभिमानाने सांगितले जाते आणि सांगितलेही पाहिजे. परंतु अर्धे सत्य सांगून थांबू नये. आश्रयाबरोबर आपल्या समाजाने त्यांना जातीची शिडीही दिली. त्यांच्यात ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असे भेद पडले आणि परस्परांत रोटी-बेटी व्यवहार टाळला जाऊ लागला. ज्यांच्या धर्मात जात नाही, त्यांनाही ती शिकविण्याइतका आपला संसर्ग प्रभावी होता!

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले, तेव्हा भारतातील बेने इस्रायलांची संख्या सुमारे वीस हजार होती. पुढील दशकांत त्यांतील बहुसंख्य लोक तिकडे गेले. कोणी हाकलले म्हणून नव्हे. दररोजच्या प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव घेतले, तिची हाक आली म्हणून. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या गावांत ते वसले. तेथे त्यांचे स्वागत कसे झाले?

ऐक्याच्या नावाखाली गप्प न बसलेली माणसे

१९५१ मध्येच, वर्णावरून भेदभाव होतो अशी तक्रार करीत, भारतातून गेलेल्या काही ज्यूंनी ठिय्या दिला आणि आम्हांस भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. त्यांतील अनेकांना सरकारने खरोखरच परत पाठविले. त्यांच्यापैकी काही पुढे पुन्हा इस्रायलला गेले. मन दोन्हीकडे गुंतलेले असले की माणसाची अशीच ओढाताण होते.

खरा घाव पुढे बसला. बेने इस्रायल हे विवाहाच्या दृष्टीने ‘शुद्ध’ ज्यू आहेत काय, असा प्रश्न तेथील काही धर्मगुरूंनी उपस्थित केला. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये प्रमुख धर्मपीठाने विवाहास तत्त्वतः मान्यता दिली खरी, पण १९६२ मध्ये विवाह नोंदविणाऱ्यांना मागील पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश निघाले आणि त्यांत बेने इस्रायलांचे नाव घेऊन निर्देश करण्यात आला. ज्या माणसांनी शतकानुशतके, कोणी पाहत नसतानाही, शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांच्याकडे आता पणजीच्या कुळाचा पुरावा मागितला जात होता.

त्या वेळी राष्ट्र अवघ्या चौदा वर्षांचे होते. सीमा पेटलेल्या होत्या. ‘आता भांडू नका, राष्ट्र संकटात आहे’ असे सांगण्यास याहून सोयीची वेळ कोणती? तरीही मराठी ज्यू गप्प बसले नाहीत. सॅमसन जे. सॅमसन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी कृती समिती उभी केली. १९६४ च्या उन्हाळ्यात कुटुंबकबिल्यासह ते जेरुसलेममध्ये सत्याग्रहाला बसले. प्रश्न क्नेसेटपर्यंत गेला. ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याची भूमिका संसदेत मांडली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने निर्देशातून त्यांचे नाव काढले.

या लढ्याकडे नीट पाहावे. सत्याग्रहींनी राष्ट्राला शिव्या दिल्या नाहीत; राष्ट्र आमचेही आहे, एवढेच ते म्हणत होते. आणि राष्ट्रानेही त्यांना देशद्रोही ठरविले नाही. त्यांना फुटीर म्हणून हाकलले असते, तर इस्रायल एकसुरी झाले असते, पण एकसंध झाले नसते. आज भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू त्या देशात आहेत. ‘मायबोली’ या नावाचे मराठी त्रैमासिक तेथे निघाले, महाराष्ट्र दिन तेथे साजरा होतो आणि त्यामुळे कोणाची इस्रायलनिष्ठा तसूभरही उणी झालेली नाही.

इतरांचीही हीच कहाणी

१९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतून अरब देशांतून आलेल्या ज्यू तरुणांनी ‘ब्लॅक पँथर्स’ या नावाने आंदोलन छेडले. घर, शिक्षण, नोकरी यांत युरोपीय ज्यूंना झुकते माप मिळते, ही त्यांची तक्रार. सत्ताधाऱ्यांनी ती मनावर घेतली नाही. १९७७ मध्ये याच असंतुष्ट मतदारांच्या बळावर मेनाकेम बेगिन सत्तेवर आले आणि स्थापनेपासून चालत आलेली मजूर पक्षाची सत्ता गेली. १९९१ मध्ये इथिओपियातून चौदा हजारांहून अधिक ज्यूंना सुमारे ३६ तासांत विमानांनी आणले गेले. तो पराक्रम आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. परंतु १९९६ मध्ये याच इथिओपियन ज्यूंनी दान केलेले रक्त गुपचूप फेकून दिले जात असल्याचे उघड झाले आणि ते हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले, हे मात्र सांगितले जात नाही. द्रूझ पुरुष १९५६ पासून सक्तीची सैनिकसेवा करतात. २०१८ मध्ये ‘राष्ट्र-राज्य’ कायदा झाला, तेव्हा बरोबरीने रक्त सांडणाऱ्यांना बरोबरीचे स्थान का नाही, असे विचारत ते तेल अवीवमध्ये जमले आणि हजारो ज्यू त्यांच्या शेजारी उभे राहिले. तो कायदा आजही कायम आहे. प्रत्येक गाऱ्हाण्याला न्याय मिळतोच असे नाही. पण गाऱ्हाणे मांडणारा जिवंत आहे. २०२१ मध्ये मन्सूर अब्बास यांचा अरब पक्ष सत्तारूढ आघाडीत सामील झाला, हेही त्याच इस्रायलमध्ये घडले.

भिंत आणि चौथरा

आता घोडेगावच्या फाट्यावर परत यावे. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी स्त्रियांना सामूहिक रीतीने, हाती धर्मग्रंथ घेऊन प्रार्थना करता यावी म्हणून तेथील महिलांचा एक गट १९८८ पासून झगडत आहे. जानेवारी २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने तडजोड मान्य केली. जून २०१७ मध्ये कर्मठ पक्षांच्या दबावाखाली ती गुंडाळून ठेवली.

नेमक्या त्याच काळात घोडेगावपासून हाकेच्या अंतरावर, शिंगणापुरात, काय घडत होते? नोव्हेंबर २०१५ मध्ये एका महिलेने शनीच्या चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेतले, तर दुग्धाभिषेकाने मूर्तीची शुद्धी करण्यात आली. २६ जानेवारी २०१६ रोजी चौथऱ्याकडे निघालेल्या महिलांना याच जिल्ह्यात सुपे येथे अडविले गेले. मार्चमध्ये नागौरच्या प्रतिनिधी सभेत सरकार्यवाहांच्या प्रतिवेदनाने महिलांना मंदिरप्रवेश नाकारणाऱ्या अनुचित रूढींबद्दल स्पष्ट शब्दांत खंत व्यक्त केली. १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची अंमलबजावणी करण्याचे कर्तव्य शासनाला बजावले आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, विश्वस्तांनी चौथरा सर्वांसाठी खुला केला.

शनी कोपला नाही. तेल वाहणाऱ्यांची रांग आटली नाही. धर्म बुडाला नाही. उलट ज्या प्रश्नावर इस्रायल अडखळून पडले, तो हिंदू समाजाने चार-पाच महिन्यांत सोडविला. यात अभिमान बाळगण्याजोगे पुष्कळ आहे. पण त्या महिलांना ‘प्रसिद्धीलोलुप’, ‘धर्मद्रोही’ अशी विशेषणे आपल्याच पंगतीतील कित्येकांनी लावली होती, हे विसरून हा अभिमान मिरविता येणार नाही.

फूट की शक्ती?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. २०२३ मध्ये न्यायव्यवस्थेतील बदलांवरून इस्रायल महिनोन् महिने रस्त्यावर होते. त्या दुफळीमुळेच शत्रूला ७ ऑक्टोबरचे धाडस झाले, असे म्हटले जाते. आक्षेप गंभीर आहे. कलहाला किंमत असतेच. १९९५ मध्ये यित्झाक राबिन यांचा प्राण घेणारी गोळी एका ज्यूचीच होती. विरोधकाला शत्रू मानण्याची परिणती कोठे होते, हे त्या रात्री दिसले. मात्र ७ ऑक्टोबरनंतर काय झाले, तेही पाहावे. सुमारे बाराशे माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्या दिवशी सरकारच्या विरोधात घोषणा देणारे राखीव सैनिक गणवेश चढवून आघाडीवर गेले आणि निदर्शने संघटित करणाऱ्यांनी विस्थापितांसाठी मदतकेंद्रे उघडली. पुढे तेच लोक ओलिसांच्या कुटुंबीयांसह पुन्हा रस्त्यावर आले. अपयशाची चौकशी करा, असे काही म्हणत होते. गाझातील निरपराधांच्या मृत्यूंचा जाब द्या, असेही काही म्हणत होते. २००६ च्या युद्धात पुत्र गमावलेले लेखक डेव्हिड ग्रॉसमन शांततेची भाषा सोडावयास तयार झाले नाहीत, आणि त्यांना पुत्राच्या बलिदानाची आठवण कोणी करून द्यावी लागली नाही. भांडणारा माणूस पळून गेला नाही, हा त्या देशाचा खरा बोध आहे.

तेव्हा ‘इस्रायलसारखे व्हायला हवे’ असे म्हणणाऱ्यांनी त्याचा पूर्ण अर्थ पत्करावा. ज्या गावात पाणवठा, मंदिर, स्मशान यांपैकी एकही गोष्ट आजही जात विचारून उघडते, तेथील तक्रारदाराला ‘समाजात फूट पाडू नका’ असे ऐकवणे म्हणजे समरसता नव्हे. फूट अगोदरच पडलेली असते; तक्रार करणारा ती केवळ दाखवीत असतो. त्याला बोलू द्यावे, त्याचे ऐकावे आणि त्याच्या बोलण्यात तथ्य असेल तर गुढीपाडव्याची वाट न पाहता चौथरा खुला करावा.

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. रायगडमधील त्यांची प्रार्थनामंदिरे आणि दफनभूमी सांभाळणे, त्यांची मराठी कीर्तने जतन करणे आणि १९६४ च्या त्या सत्याग्रहाचा इतिहास आपल्या मुलांना सांगणे हे काम अजून बाकी आहे. दिमोनाच्या वाळवंटात ज्यांनी मराठी टिकविली, त्यांनी न्याय मागताना मान खाली घातली नाही. इस्रायलकडून ठिबकची नळी घेतली, ते उत्तमच झाले. आता त्याच देशात मराठी माणसांनी गाजविलेला हा धीटपणाही घ्यावा; तो मुळात आपल्याच मातीतून तिकडे गेलेला आहे.