परदेशची सनद आणि घरचें वाण

प्रस्तुत विषय शेतकीच्या मासिकांत कां, असें कित्येक वाचकांस वाटण्याचा संभव आहे. म्हणून तो येथें कसा आला तें आधीं सांगतों. शहापूर तालुक्यांत आमचे एक स्नेही आहेत. समृद्धी महामार्गांत त्यांची वरकस व थोडी खाचराची जमीन गेली. त्या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा 2025 च्या जूनमध्यें वाहतुकीस खुला झाला. मोबदल्यांतून बहिणींचे हिस्से, एक लग्न व एक ट्रॅक्टर वजा जातां जी रक्कम उरली ती बँकेंत आहे. धाकटा मुलगा शेतकीचा विज्ञान-पदवीधर. त्याच्या मनांत कोणा दलालानें असें भरविलें कीं, परदेशीं जाऊन एक अभ्यासक्रम पुरा केला म्हणजे तेथें पेटंटें व ट्रेडमार्क नोंदवून देणाऱ्या एजंटाची सनद मिळते, आणि पुढें जन्माची ददात मिटते. स्नेही आमच्याकडे आले ते सनदेबद्दल विचारावयास नव्हे. रक्कम थोडी कमी पडते, तर ओढ्याकडील तुकडा विकावा कीं काय, एवढेंच त्यांस विचारावयाचें होतें.

अशा गोष्टी मुरबाडकडेही कानीं येतात. म्हणून ही सनद म्हणजे काय, ती कोणास मिळते, आणि तिचा आमच्या भातकऱ्यास उपयोग कोणता, हें जरा विस्तारानें लिहितों.

हें काम परकें वाटण्याचें कारण नाहीं. जमिनीची मोजणी, चतुःसीमा आणि सातबाऱ्यावरील नोंद यांत आमचीं आयुष्यें जातात. पेटंटाचें कामही त्याच जातीचें आहे. शोध लावणारा आपल्या शोधाची हद्द शब्दांनीं आंखतो; त्या हद्दीस दावे म्हणतात. एजंट हा त्या हद्दीचे दगड रोवणारा मोजणीदार. दगड चार बोटें आंत पडला तर धन्याचें नुकसान, आणि चार हात बाहेर पडला तर शेजाऱ्याचें. मात्र येथें शेजारी सात समुद्रांपलीकडचा असूं शकतो, आणि आपल्या शेतांत दगड पडल्याचें त्यास वर्षानुवर्षें कळतही नाहीं.

बासमतीच्या बाबतींत हेंच घडलें. अमेरिकेंतील टेक्सासच्या राइसटेक कंपनीनें बासमती जातीचे भात व दाणे यांवर पेटंट मागितलें व तें 1997 च्या सप्टेंबरांत तिला मिळालें. त्यांत 20 दावे होते. त्यांपैकीं कांहीं केवळ तिनें तयार केलेल्या वाणांपुरते नव्हते. दाण्याची लांबी, शिजल्यावर होणारी वाढ अशीं लक्षणें सांगून खुद्द दाण्यावरच हद्द घातलेली होती. म्हणजे पंजाबांत पिढ्यान् पिढ्या पिकणारा दाणाही त्या दगडांच्या आंत यावा. हिंदुस्थानच्या बाजूनें 2000 सालीं पुराव्यासह फेरतपासणी मागण्यांत आली, तेव्हां कंपनीनें दाण्यासंबंधींचे दावे आपण होऊन सोडले. पुढें आणखी सोडावे लागले, आणि अखेर तिच्या स्वतःच्या वाणांपुरते 5 दावे उरले. पेटंटाच्या मथळ्यांतून बासमती हें नांवही गेलें.

हळदीची हकीकत याहून लागणारी. जखमेवर हळद लावावी हें आमच्या घरांतील कोणत्या आजीस ठाऊक नाहीं? परंतु त्याच उपयोगावर 1995 सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळालें. आणि संशोधक होते मूळचे भारतीय! तेव्हां वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक गोव्यांतील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेनें 1996 सालीं फेरतपासणीचा अर्ज केला. आजीच्या साक्षीनें तेथें काम भागत नाहीं, छापील पुरावा लागतो. परिषदेनें संस्कृत, उर्दू, हिंदी वगैरे भाषांतील 32 उतारे हुडकून दाखल केले. त्यांत 1953 सालच्या एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतील लेखही होता. तेव्हां 1997 सालीं दावे रद्द ठरले. या दोन्ही प्रकरणांत आमच्या लोकांना ज्ञान नव्हतें असें नाहीं. तें ज्ञान त्या कचेरीस मानवेल अशा भाषेंत मांडणारा माणूस वेळेवर जागेवर नव्हता.

तेव्हां आमच्या मुलांनीं ही विद्या शिकावी कीं नाहीं, याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. संशय आहे तो दलालानें दाखविलेल्या वाटेविषयीं.

वकिलीप्रमाणेंच ही सनदही ज्या त्या देशाची वेगळी असते, आणि प्रत्येक देश आपल्या दारावर आपला पहारेकरी ठेवतो. अमेरिकेंत पेटंट-एजंटाच्या परीक्षेस कायद्याची पदवी लागत नाहीं, विज्ञान किंवा यंत्रशास्त्राची पात्रता लागते. हें ऐकून आमचीं मुलें हर्षित होतात. पण पुढचें कलम त्यांस कोणी वाचून दाखवीत नाहीं. पूर्ण नोंदणी तेथील नागरिकास, अथवा कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या परकीयास होते. तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्यास, त्या परवान्यानें जें काम करण्याची मुभा दिली असेल तेवढ्यापुरतीच मर्यादित मान्यता मिळूं शकते. शिकावयास म्हणून गेल्यानें ती आपोआप मिळत नाहीं. शिवाय ट्रेडमार्कचें काम तेथें वकिलाचें आहे. निव्वळ पेटंट-एजंटास तें करतां येत नाहीं. दलालानें आमच्या स्नेह्यांच्या मुलास दोन्ही कामें एकाच सनदेंत बांधून दिलीं होतीं.

युरोपची तऱ्हा निराळी. म्युनिकच्या पेटंट-कचेरीपुढें उभें राहणारास विज्ञानाची पदवी, तेथील सनदधारकाच्या हाताखालीं सामान्यतः तीन वर्षांची उमेदवारी, आणि मग एक अति कठीण परीक्षा, असें तिहेरी कुंपण आहे. सनद सभासद राष्ट्रांच्या नागरिकांसाठीं आहे. परकीयास सूट देणें कचेरीच्या अध्यक्षांच्या मर्जीवर. भारत त्या करारांत नाहीं, म्हणून येथें केलेली उमेदवारी तेथें मोजली जात नाहीं. विलायतेंत नागरिकत्वाची अट नाहीं खरी. पण परीक्षांखेरीज प्रत्यक्ष कामाचीं वर्षें तेथेंही भरावीं लागतात, आणि उमेदवार म्हणून ठेवून घेणारा मिळविणें हेंच खरें कठीण. सारांश, फी भरून सनद मिळत नाहीं. जी मिळते ती अभ्यासक्रमाची चिठ्ठी, आणि चिठ्ठी व सनद यांत खरेदीखत आणि सौदापावती यांइतकेंच अंतर आहे.

आतां घरची सनद पाहूं. आमच्या 1970 च्या पेटंट कायद्याच्या 126 व्या कलमाप्रमाणें पेटंट-एजंट होऊं इच्छिणारा भारताचा नागरिक असावा, त्यास 21 वर्षें पुरीं असावींत, त्यानें विज्ञान, यंत्रशास्त्र अथवा तंत्रविद्येची पदवी घेतलेली असावी, आणि तो सरकारी परीक्षा उतरावा. पहिली प्रश्नपत्रिका कायदा व नियमांची, दुसरी दावे व वर्णनपत्र प्रत्यक्ष लिहिण्याची, आणि वर तोंडी परीक्षा. प्रत्येक प्रश्नपत्रिकेंत निम्मे व एकंदरींत शेंकडा 60 गुण हवेत. ट्रेडमार्क-एजंटास तर विज्ञानाचीच पदवी हवी असें नाहीं. कोणताही पदवीधर ती परीक्षा देऊं शकतो. एक अडचण मोकळेपणानें सांगितली पाहिजे कीं, पेटंटाची परीक्षा दरवर्षीं नेमानें होत नाहीं. मध्यें वर्षेंच्या वर्षें कोरडीं जातात, आणि तयारी करून बसलेल्या मुलाचा धीर सुटतो. सरकारनें ही तारीख पावसाच्या भरंवशावर कां ठेवावी हें आम्हांस आजवर कळलेलें नाहीं.

परंतु घरची सनद घरापुरतीच चालते असें मात्र कोणी समजूं नये. पेटंटासंबंधींच्या आंतरराष्ट्रीय करारांत भारत 1998 च्या डिसेंबरांत सामील झाला, आणि ट्रेडमार्कसंबंधींच्या माद्रिद करारांत 2013 च्या जुलैंत. त्यामुळें मुंबईंत बसलेला एजंट येथील कचेरींतूनच अनेक देशांकरितां एक अर्ज करूं शकतो. पुढें त्या त्या देशाच्या कचेरीनें हरकत काढली म्हणजे तेथील सनदधारक लागतो. अमेरिकेनें तर 2019 च्या ऑगस्टपासून परदेशस्थ अर्जदारास ट्रेडमार्काच्या कामीं तेथील वकील देणें सक्तीचेंच केलें आहे. तरीही वेशीपर्यंतची वाट येथल्या सनदेनें चालतां येते; आणि ज्यास वेशीपलीकडे जावयाचें आहे, त्यास येथील चार वर्षांचा अनुभव हा उत्तम शिधा होय. तिकडील कचेऱ्यांस भारताच्या कायद्यांत मुरलेला माणूस लागतो. कोऱ्या पाटीचा विद्यार्थी त्यांच्याकडे घरचाच पुष्कळ आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आमच्या दोन तालुक्यांस असा माणूस कशास हवा?

वाडा कोलम तांदळास 2021 सालीं भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. वाडा तालुका पूर्वीं आमच्याच ठाणें जिल्ह्यांत होता; 1 ऑगस्ट 2014 रोजीं तो पालघरांत गेला, आणि शहापूर येथेंच राहिलें. दोहोंचे बांध एकमेकांस लागून आहेत. ओहोळाच्या अल्याड पलीकडच्याच तऱ्हेचें पाणी व पलीकडचीच माती. निर्देशांकाच्या नोंदींत प्रदेशाचें वर्णन व नकाशा द्यावा लागतो, आणि हद्दीबाहेरच्या शेतकऱ्यास तें नांव आपल्या गोणीवर घालतां येत नाहीं. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हरकत घेण्यास तीन महिने असतात, फार तर आणखी एक. आपलें शेत त्या हद्दींत पडतें कीं नाहीं हें आमच्या सभासदांपैकीं किती जणांनीं नोंदवही उघडून पाहिलें? प्रस्तुत लेखकानेंही तें वेळेवर पाहिलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. आमचा वकील दिवाणी व कुळकायद्यांत निष्णात; चेन्नईहून निघणारें निर्देशांकांचें पत्रक वाचणें हें कोणाचेंच काम नव्हतें. शिवाय नोंद झाली म्हणजे प्रत्येक शेतकऱ्यास हक्क आपोआप लाभतो असेंही नाहीं. त्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचें नांव वेगळें नोंदवावें लागतें.

वाणांची गोष्ट याहून नाजुक. डोंगरकपारीच्या ठाकूर, महादेव कोळी व वारली वस्त्यांत भाताचीं, नागलीचीं व वरईचीं जुनीं बियाणीं अजून जपलेलीं आढळतात. आमच्या कायद्यानें वनस्पतींस पेटंट मिळत नाहीं. त्यांच्यासाठीं 2001 चा वाणसंरक्षण व शेतकरी-हक्क कायदा आहे. त्यांत शेतकऱ्याचें वाण शेतकऱ्याच्याच नांवें नोंदवितां येतें, भातासारख्या पिकास 15 वर्षें संरक्षण मिळतें, आणि शेतकऱ्यास नोंदणीची फी नाहीं. अर्जावर गांवच्या जैवविविधता समितीची, जिल्हा कृषि अधिकाऱ्याची, कृषि विद्यापीठाच्या संशोधन संचालकांची किंवा आदिवासी विकास अधिकाऱ्याची शिफारस चालते. म्हणजे या कामास सनदी एजंट लागतच नाहीं! लागतो तो अर्ज नीट भरणारा, बियाण्याचा नमुना शुद्ध ठेवणारा, आणि दिल्लीच्या पत्रास मुदतींत उत्तर देणारा माणूस. यास्तव जो कोणी अशा नोंदणीचे मोठे पैसे मागेल, त्यास आधीं कायद्याचें कलम दाखवावयास सांगावें.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. शहापूर-मुरबाडच्या कामावर एका एजंटाचें पोट भरणार नाहीं. खरें आहे. वर्षांत दोन वाणें, एखादें व्यापारचिन्ह, क्वचित् एखाद्या हुशार लोहाराचें भातकापणीचें अवजार, यांवर कोण जगेल? त्याची भाकरी कल्याण, ठाणें, मुंबईच्या कारखान्यांतूनच यावयाची. आमचें मागणें एवढेंच कीं, संघानें प्रतिवर्षीं एका पदवीधर मुलाची वा मुलीची परीक्षेची फी व पुस्तकें यांचा खर्च द्यावा, आणि त्या उमेदवारानें सनद मिळाल्यावर पांच वर्षें संघाचें काम नाममात्र मोबदल्यांत करावें. त्यांत पत्रकें वाचणें, हरकतीच्या मुदती कळविणें आणि वाणांचे अर्ज भरणें एवढें यावें. आमची भेंडी दुसऱ्याच्या छापाच्या खोक्यांतून मुंबईच्या बाजारीं जाते. त्या खोक्यावर संघाचें चिन्ह नोंदवून घालणें हें त्याचें पहिलें काम असावें. नंतर तो म्युनिकास जावो कीं अमेरिकेस. आम्ही त्यास स्टेशनावर पोंचवावयास जाऊं.

स्नेह्यांनीं ओढ्याकडचा तुकडा तूर्त विकला नाहीं. दलालाचा निरोप दोनदां येऊन गेला. मुलगा थोडा रुसला होता. पण सध्यां 1970 चा कायदा वाचतो आहे, आणि वाडा कोलमच्या नोंदींतील हद्दीचें वर्णन त्यानें उतरून घेतलें आहे. भातकापणी आटोपली म्हणजे तो तें गांवनकाशाशीं ताडून संघाच्या कचेरींत आणून दाखविणार आहे. ज्या सभासदांचीं खाचरें वाड्याच्या शिवेस लागून आहेत, त्यांनीं आपापले गट नंबर त्यापूर्वीं कचेरीकडे पाठवावे.