एका अक्षराचा प्रश्न

डिसेंबरचा बोनस हाती आला की आमच्या बेटावरील अनेक घरांत संगणकाचा विषय निघतो. जानेवारीत मूल नव्या वर्गात जायचे असते. संगणक का हवा हे आईवडिलांना कळते, कोणता घ्यावा हे मात्र कळत नाही, आणि निर्णय दुकानदाराच्या हाती जातो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने असाच एक संगणक घरी आणला. पंखे फिरू लागले, दिवे लागले, पण पडदा काळाच. चौकशी करता कळले की आतील प्रोसेसर रायझन ८७००एफ होता. ८७००जी असता तर चित्र दिसले असते. 'एफ'मध्ये ग्राफिक्स नाही. त्याला वेगळे कार्ड घ्यावेच लागते. फसवणूक झाली असे आम्ही म्हणत नाही, पेटीवर अक्षर स्पष्ट छापलेले होते. मराठी शिकविणाऱ्यांना हे नवीन नाही. एक काना राहिला की 'दान'चे 'दन' होते. येथे मात्र त्या चुकीची किंमत रुपयांत मोजावी लागली.

पडद्यावरील चित्र तयार करणारा भाग पूर्वी प्रोसेसरबाहेर असे, कधी मदरबोर्डवरील चिपमध्ये, कधी स्वतंत्र कार्डावर. इंटेलने २०१० च्या जानेवारीत तो प्रोसेसरच्या वेष्टनात आणला व पुढील जानेवारीत 'सँडी ब्रिज' पिढीत एकाच चिपवर बसविला. एएमडीने २००६ साली कॅनडाची एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी विकत घेतली होती. त्या संयोगातून निघालेला 'लानो' हा डेस्कटॉपचा प्रोसेसर २०११ साली आला. तरीही बरीच वर्षे अशा अंगभूत ग्राफिक्सवर पत्र लिहावे, चित्रपट पाहावा, एवढेच. नवे खेळ म्हटले की कार्ड आलेच.

३१ जानेवारी २०२४ रोजी बाजारात आलेल्या रायझन ८०००जी मालिकेने ही स्थिती पुष्कळ बदलली. ८७००जी मध्ये ८ कोअर आणि रेडिऑन ७८०एम हे १२ विभागांचे ग्राफिक्स आहे. ८६००जी मध्ये ६ कोअर व ८ विभाग. दोन्हींची वीजमर्यादा ६५ वॅट ठरविलेली आहे. आरंभीच्या किमती अनुक्रमे ३२९ व २२९ डॉलर होत्या. चित्राची प्रत थोडी उतरविली तर आजचे बरेचसे खेळ यांवर कार्डाशिवाय चालतात. घरात एकच संगणक आणि वापरणारे चौघे, अशा कुटुंबास आम्ही ८६००जी सुचवू.

पण एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते मुख्य रॅममधूनच उसनवारी करते. रॅमची एकच पट्टी बसविली तर ये-जा करण्याची वाट अर्धी होते आणि खेळ अडखळू लागतात. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. 'दुसरी पुढे बसवा' हा सल्ला एरवी ठीक असेल, येथे तो मानू नये. जुन्या संगणकातील डीडीआर४ पट्ट्याही चालणार नाहीत. या मालिकेला डीडीआर५च लागते.

पुढेमागे मोठे कार्ड घ्यायचे निश्चित असेल तर मात्र ८७००जी वर पैसे घालू नयेत. त्याची एल३ कॅश १६ एमबी, तर रायझन ७७०० ची ३२ एमबी. शिवाय कार्डाकडे जाणाऱ्या १६ वाटांपैकी ८च मिळतात. आणि ज्यांना केवळ गृहपाठ, देवनागरी टंकलेखन व भारतातील नातलगांशी व्हिडिओवर बोलणे एवढेच हवे, त्यांना या मालिकेचीही गरज नाही. ७७०० मध्ये छोटे ग्राफिक्स आहेच आणि तेवढ्या कामास ते पुरते. ७५००एफ मध्ये मात्र तेही नाही. पुन्हा तेच अक्षर!

दुकानात मुलाला बरोबर न्यावे, आकड्यामागील अक्षर त्यालाच वाचावयास सांगावे, आणि पडदा उजळलेला पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. वर सांगितलेल्या कुटुंबाला वापरलेले एक कार्ड मिळाले ते फेब्रुवारीत. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.