कागद क्लाउडमध्ये ठेवले, म्हणजे नेमके कुठे?



गेल्या पावसाळ्यात मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला अशा सर्व कागदांचे फोटो मी मोबाइलवर काढले होते. ते क्लाउडवरही गेले होते. पुढे मोबाइलची जागा भरली, म्हणून मी ते फोटो पुसून टाकले. वर प्रत आहे, मग भीती कसली? अर्ज भरायला बसलो, तर वरही काही नाही! ऑफिसात वीस वर्षे फाइली सांभाळणारा मी, घरचीच फाइल हरवून बसलो. शेवटी भाचा धावून आला. "मामा, सिंक चालू होते," म्हणाला आणि क्लाउडच्या कचरापेटीतून फोटो परत काढून दिले. आणखी उशीर झाला असता तर कचरापेटीही रिकामी झाली असती. तेव्हाच ठरवले, हे शब्द आपणही समजून घ्यायचे.

क्लाउड म्हणजे ढग; पण त्याचा आकाशाशी संबंध नाही. नेटवर्कचा नकाशा काढताना पलीकडचा गुंतागुंतीचा भाग इंजिनिअर ढगाच्या चित्राने दाखवत, त्यावरून हे नाव पडले. प्रत्यक्षात आपली फाइल जमिनीवरच्या एखाद्या इमारतीत, दुसऱ्याच्या संगणकावर असते. मागेल त्याला माहिती पुरवणारा, रात्रंदिवस चालू असलेला असा संगणक म्हणजे सर्व्हर. हजारो सर्व्हर जिथे थंड हवेत ठेवलेले असतात ते डेटा सेंटर. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात अशी सेंटर आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणि ॲमेझॉनने २०१६ साली महाराष्ट्रात आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. मात्र आपली फाइल इथेच असेल असे नाही, ती परदेशातही असू शकते.

फाइल तिथे जाते कशी? टपालासारखी. तिचे लहान लहान तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आकड्यांतला पत्ता असतो, तो आयपी ॲड्रेस. पत्ता पाहून पॅकेट पुढच्या वाटेला लावतो तो राउटर. वायफायची घरातली पेटी तेच काम करते. आकडे आपल्या लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण वेबसाइटचे नाव टाकतो. त्या नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणारी वही म्हणजे डीएनएस.

आता माझी चूक. सिंक म्हणजे आरसा. कपाळावरची टिकली काढली की आरशातलीही जाते. बॅकअप म्हणजे पेटीत वेगळी ठेवलेली झेरॉक्स. मूळ कागद फाटला तरी ती राहते. मी आरशाला झेरॉक्स समजलो.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. गुगल १५ जीबी जागा फुकट देते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. ती भरली की नवी ईमेल येणे बंद होते. मग मुलाखतीचे पत्रही येणार नाही. दोन वर्षे न वापरलेले खाते कंपनी काढून टाकू शकते, असा नियम २०२३ पासून आहे. पासवर्ड विसरला तर खाते परत उघडायला बहुधा मोबाइल नंबरच लागतो, म्हणून रिचार्जअभावी तो नंबर बंद पडू देऊ नका. ओटीपी कोणालाही सांगू नका.

सरकारच्या २०१५ सालच्या डिजिलॉकरमध्ये संबंधित कार्यालयाने स्वतः दिलेला दाखला कायद्याने मुळाइतकाच ग्राह्य असतो. आपण फोटो काढून तिथे चढवलेल्या कागदाला तो मान नाही, हा फरक ध्यानात घ्या.

आपल्या आईवडिलांनी एकेका दाखल्यासाठी किती हेलपाटे घातले, हे आपण पाहिले आहे. तेव्हा मूळ कागद ट्रंकेत, एक प्रत क्लाउडवर आणि एक पेनड्राइव्हवर, अशी तीन ठिकाणे ठेवा. येत्या रविवारी मुलांना घेऊन बसा आणि घरातला एकेक कागद तपासा. खात्याचा पासवर्ड एका वहीत लिहून ती वही ट्रंकेत ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या बाईमाणसालाही ठाऊक असू द्या.