६४ अक्षरांचा ताळा



१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घराघरांत लहान लेकरालाही पाठ असते. २०२५ साली नेमक्या याच तारखेला आणखी एक घटना घडली, पण तिच्याकडे आपल्या वस्त्यांत फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणक प्रणालीला सुरक्षेच्या सुधारणा देणे त्या दिवशी बंद केले. नाव नोंदवणाऱ्यांसाठी वाढीव मुदत ठेवली, तीही २०२६च्या ऑक्टोबरपर्यंतचीच. म्हणजे संगणक चालतो, पण त्याच्या दाराची कडी मोडली तर दुरुस्त करायला कोणी येणार नाही.

गंगाखेडच्या आमच्या अभ्यासिकेत असे चार संगणक आहेत. लोकवर्गणीतून घेतलेले, तेही वापरलेले. मुले त्यांवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, भरतीच्या जाहिराती पाहतात, सराव परीक्षा देतात. विंडोज ११ या संगणकांवर रीतसर बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चकती आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आम्ही बाजारात चौकशी केली. एका दुकानदाराने चारही संगणक भंगारात घालून नवे घ्यायला सांगितले. दुसरा म्हणाला, "पाचशे रुपयांत अकरा टाकून देतो, साहेब." पावती मिळेल का, असे विचारले तर तो नुसता हसला. कुलूप तोडून आणलेली प्रणाली घालायची आणि त्यावर मुलांनी आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक भरायचा, हे आम्हांला पटले नाही.

तिसरी वाट आम्हांला ठाऊक होती, पण अंगवळणी नव्हती. २००६-०७च्या सुमारास आम्ही उबुंटूची सीडी टपालाने मागवली होती. ते लोक त्या काळी जगभर फुकट सीड्या पाठवीत. २०११ साली ती योजना बंद झाली. आता सीडी येत नाही, सगळे आपणच उतरवून घ्यावे लागते. ते कसे करायचे आणि त्यात आमच्या हातून काय घोटाळा झाला, हे यावेळी सांगायचे आहे.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. इंग्रजीत 'फ्री' म्हटले की फुकट की स्वतंत्र, असा घोळ होतो. आपल्या मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली ज्या कामाची घोषणा केली ते 'मुक्त'चे काम होते. प्रणाली कोणीही वापरावी, आत उघडून पाहावी, बदलावी आणि शेजाऱ्याला प्रत द्यावी. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा, म्हणजे लिनक्स, लिहायला घेतला. आज डेबियन, उबुंटू, मिंट अशा अनेक नावांनी ती मिळते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाची अशी प्रणाली काढली आहे. प्रत देणे हा इथे गुन्हा नाही, उलट तो हक्कच आहे. म्हणूनच एका गावात एकाने उतरवून घेतली की दहा घरांना पुरते.

आम्ही लिनक्स मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती निवडली. ४ जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावर ती बरी चालते, तिची मांडणी विंडोज वापरलेल्याला परकी वाटत नाही आणि मिंट २२ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. ज्यांचा संगणक फारच जुना, म्हणजे ३२ बिटचा असेल, त्यांनी डेबियन १२ घ्यावी. डेबियन १३ त्या यंत्रांवर नव्याने बसवता येत नाही.

आता खरी अडचण. ही फाइल, तिला आयएसओ म्हणतात, पावणेतीन-तीन जीबीची असते आणि आपल्या मोबाइलवर दिवसाला दीड किंवा दोन जीबी! पहिल्या खेपेस आम्ही सरळ ब्राउझरमधून उतरवायला लावली आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा फाइल जागेवर होती, नावही बरोबर होते. डेटा मध्येच संपला होता हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. ते उघडकीस कसे आले, ते पुढे सांगतो.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे रात्री ११ला बसावे. त्या दिवशीचा उरलेला डेटा आधी वापरला जातो आणि १२ वाजता दुसऱ्या दिवसाचा सुरू होतो. दुसरा आणि जास्त भरवशाचा उपाय म्हणजे टोरंट. या शब्दाला चोरून सिनेमे उतरवणाऱ्यांनी बट्टा लावला आहे, पण पद्धत स्वतः निर्दोष आहे आणि मिंटवाले स्वतःच ती देतात. तिच्यात फाइल तुकड्यातुकड्याने येते, वीज गेली किंवा डेटा संपला तर जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे गंगाखेडकरांना सांगणे न लगे. दोन रात्री, दोन मोबाइल, एवढ्यात काम झाले.

फाइल आली म्हणजे झाले, असे मानू नये. आम्ही पेशाने कारकून. बेरीज केली की ताळा पाहायचा ही सवय हाडीमाशी खिळलेली. इथेही ताळा असतो. त्याला 'शा-२५६' म्हणतात. फाइलमधील सगळा मजकूर एका गणितातून काढला की ६४ अक्षरांची एक ओळ तयार होते. तिच्यात शून्य ते नऊ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ ही अक्षरे असतात. मूळ ओळ मिंटच्या संकेतस्थळावर दिलेली असते. आपल्याकडच्या फाइलची ओळ विंडोजवर सेव्हन-झिप या मुक्त प्रोग्रॅमने काढता येते. फाइलवर उजवी टिचकी मारली की सोय दिसते. गणिताची गंमत अशी, की फाइलमध्ये एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला तरी पूर्ण ओळ बदलून जाते.

अभ्यासिकेतील बारावीची एक मुलगी संकेतस्थळावरची ओळ वाचू लागली आणि आम्ही आमच्या ओळीवर टिचक्या करू लागलो, जसे ऑफिसात आवक-जावक रजिस्टर तपासतात. पहिलेच अक्षर चुकले. "काका, आपली फाइल अर्धवट असेल," ती म्हणाली. आकार पाहिला तर खरेच, फाइल जवळजवळ १ जीबीने कमी! मग टोरंटने आणलेल्या दुसऱ्या फाइलची ६४च्या ६४ अक्षरे जुळली.

कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला? तर २० फेब्रुवारी २०१६ रोजी काही चोरांनी मिंटच्या संकेतस्थळात घुसून उतरवण्याचा दुवाच बदलला होता. त्या दिवशी मिंट १७.३ची 'सिनॅमन' आवृत्ती तिथून घेणाऱ्यांना मागच्या दाराने आत शिरता येईल अशी बिघडवलेली फाइल मिळाली. दुसऱ्या दिवशी मिंटचे प्रमुख क्लेमाँ लफेव्र यांनी स्वतः ते जाहीर केले आणि लोकांना फाइल तपासायला सांगितली. चूक लपवली नाही, हे आम्हांला विशेष वाटते. मात्र चोर संकेतस्थळावरचा ताळाही बदलू शकतो. म्हणून ताळ्याच्या फाइलवर मिंटची डिजिटल सही असते. ती तपासण्याची रीत अंमळ किचकट आहे, पण एका संगणकावर मिंट बसली की तिथून जमते. पुढचे तिन्ही संगणक आम्ही सही पाहूनच केले.

आता पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. पुष्कळ जण आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करतात आणि संगणक सुरू होत नाही म्हणून कपाळाला हात लावतात. घरात ज्वारीचे पोते आहे म्हणून भाकरी होत नसते. दळावे लागते, थापावे लागते. तसे ही फाइल उघडून पेनड्राइव्हवर ठरावीक पद्धतीने मांडावी लागते, तरच संगणक चालू होताना तिला ओळखतो. रूफस किंवा बलेना एचर हे मुक्त प्रोग्रॅम ते काम करतात. आम्ही एचर घेतला, कारण लिहून झाल्यावर तो स्वतःच पुन्हा वाचून पडताळतो. मात्र असे करताना पेनड्राइव्हवर आधी जे काही असेल ते सर्व जाते. सर्व.

इथेच आमच्या हातून घडू नये ते घडले. वस्तीतील एक मावशी झेरॉक्ससाठी कागदपत्रे काढायला आपला पेनड्राइव्ह अभ्यासिकेत ठेवून गेल्या होत्या. काळा, १६ जीबीचा. आमचाही काळा, १६ जीबीचा. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, ती आम्ही न वाचताच पुढे टिचकी मारली. काम संपल्यावर आमचा पेनड्राइव्ह खिशात सापडला आणि पायांखालची जमीन सरकली.

मावशींच्या पेनड्राइव्हमध्ये भीमगीते होती आणि त्यांच्या कालकथित यजमानांचे फोटो होते. मोबाइल बिघडल्याने दुसरीकडे कुठेच नव्हते. आम्ही त्यांच्या घरी गेलो, झाले ते सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाणे पुन्हा भेटतील, भाऊ. फोटू कुठून आणू?"

त्या पेनड्राइव्हला पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून तो आम्ही पाकिटात बंद करून ठेवला. ही एक गोष्ट तेवढी बरोबर केली. कारण नवे लिहिले जाते ते पुढच्या भागावर, मागचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही, फक्त त्याची यादी जाते. फोटोरेक नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम आहे, तो यादीशिवाय फोटो हुडकतो. मावशींनी आधी गाणी भरली होती आणि फोटो नंतर. त्यामुळे मिंटच्या तीन जीबींखाली गेली ती मुख्यतः गाणी. रात्रभर यंत्र चालू ठेवले. सकाळी फोटो हाती आले, त्यांची नावे गेलेली, क्रम विस्कटलेला. मावशींनी समोर बसून एकेक पाहिला. त्यांच्या अंदाजाने तीसेक फोटो आले नाहीत. त्यांत धाकट्या मुलीच्या लग्नातले होते. ते आम्ही परत देऊ शकलो नाही.

तेव्हापासून अभ्यासिकेत नियम केला आहे. प्रणाली बनवायच्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधायचा आणि त्या वेळी दुसरा कोणताही पेनड्राइव्ह संगणकाला लावलेला असता कामा नये. सूचना इंग्रजीत आली तर ज्याला इंग्रजी येते त्याने ती मोठ्याने वाचून अर्थ सांगायचा आणि मगच पुढे जायचे.

पुढचे काम सोपे आहे. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना डेल, लेनोव्होवर बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९ दाबावे. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होते, आतील डिस्कला हात लागत नाही. तिथे थांबावे. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, कळफलक सगळे पाहून घ्यावे. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहे. देवनागरीसाठी लिनक्सवर 'लोहित' हा टंकही मिळतो. तो पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला आणि रेड हॅट कंपनीने मुक्त केला. सर्व ठीक वाटले तरच डेस्कटॉपवरचे 'इन्स्टॉल' उघडावे. त्यात डिस्क पूर्ण पुसण्याचा पर्याय येतो, म्हणून जुन्या फाइली आधी दुसरीकडे काढून ठेवाव्यात. भाषेच्या यादीत मराठी निवडता येते. काही शब्द मात्र इंग्रजीतच राहतात. भाषांतराचे काम स्वयंसेवक करतात, आपली शिकलेली मुलेही त्यात हात लावू शकतात.

अडचणी नाहीत असे नाही. टॅली शिकणाऱ्यांना विंडोजच हवी. आम्ही बीकॉमवाले, म्हणून हे आधीच ठाऊक होते. चारपैकी एका संगणकावर ती तशीच ठेवून दुसऱ्या भागात मिंट बसवली आहे, आणि त्या विंडोजवर इंटरनेट जोडत नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या टंकांत केलेल्या फाइली मिंटवर वेड्यावाकड्या दिसतात. मुलांना मात्र आठवडाभरात सवय झाली. शिकण्यासाठी मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे मराठी आवाजातील पाठ आहेत, तेही फुकट. ते एकदाच उतरवून चारही संगणकांवर ठेवले आहेत.

आपल्याकडे असा जुना संगणक असेल तर तो घेऊन रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावे. पेनड्राइव्ह रिकामा आणावा. नवा नसेल तर आधी त्यातले सगळे दुसरीकडे उतरवून, घरच्या माणसाला दाखवून आणावा. मिंटची फाइल आमच्याकडे ताळ्यासह तयार आहे, कोणाला पुन्हा दोन रात्री जागायला नकोत. मावशींचे फोटो आता तीन ठिकाणी ठेवले आहेत. त्यांतली एक प्रत त्यांच्या थोरल्या मुलाकडे परभणीला आहे.