वीट बाहेरच बरी!

शीर्षक वाचून हा सिव्हिलवाल्यांचा लेख आहे असं समजून पान उलटू नका. ही वीट बांधकामातली नाही. गेम कॉन्सोल आणि भिंतीतलं सॉकेट यांच्या मध्ये वायरला लटकलेला जो काळा, जड, गरम होणारा डबा असतो, त्याला 'पॉवर ब्रिक' म्हणतात. ती ही वीट. हॉस्टेलवर तिच्या नावाने बोटं मोडायची फॅशनच आहे. 'किती अवजड!', 'टीव्हीमागे किती पसारा!', 'आतमध्ये नाही का बसवता येत?' वगैरे वगैरे. माझं मत बरोबर उलट आहे. निदान आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर तरी वीट बाहेरच हवी.

हे मत पुस्तक वाचून झालेलं नाही. आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, कौलं उडाली आणि लाईट गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. आली तेव्हाही धड नाही. कधी बल्ब मिणमिणायचा, तर कधी एकदम लख्ख. त्या गोंधळात एकाच संध्याकाळी घरातल्या दोन वस्तूंनी मान टाकली. एक टीव्हीचा सेट टॉप बॉक्स आणि दुसरा मामेभावाचा गेम कॉन्सोल.

सेट टॉप बॉक्सचा फक्त बाहेरचा अडॅप्टर जळला होता. दीडशे रुपयांत १२ व्होल्टचा दुसरा मिळाला आणि आजीच्या मालिका सुरू! कॉन्सोलचा पॉवर सप्लाय मात्र पोटात. झाकणाला वेगळ्याच आकाराचे स्क्रू, त्यावर सील, आणि सप्लायचं बोर्ड तालुक्यात कुठेच मिळेना. मुंबईला न्यावं तर तेव्हा कोरोनाचे निर्बंध. शेवटी गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी तो उघडला. बोर्डावर हिरवट थर दाखवत म्हणाले, "खारं वारं आत शिरलंय, त्यात हा व्होल्टेजचा फटका. कशाला कोंबतात रे सगळं आत? बाहेर असतं तर दोनशेत तुझं काम झालं असतं." तो कॉन्सोल आजही आमच्या शोकेसमध्ये आहे. अक्षरशः शो-पीस!

तेव्हा मी शाळेत होतो. पुढे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकताना काकांचं वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. पॉवर सप्लाय म्हणजे यंत्राचा दारवान. बाहेरचे २३० व्होल्ट एसी घ्यायचे आणि आत शांत, सरळ १२ व्होल्ट डीसी पाठवायचे. विजेचा प्रत्येक धक्का आधी त्याच्या छातीवर. शिवाय त्याच्यात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतात. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा नियम आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलाय. म्हणजे जो भाग आधी जाण्याची शक्यता जास्त, तोच सगळ्यात आत, सगळ्यात गरम जागी आणि सीलबंद! याला डिझाइन म्हणायचं का?

आता इथे विरोधी पक्षाचं म्हणणंही ऐकू. माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा. तो म्हणतो, "वीट बाहेर काढली की कॉन्सोल थंड राहतो, ही अंधश्रद्धा आहे." गणित करून बघितलं तर त्याचं बरंचसं खरं आहे. समजा भिंतीतून २०० वॅट घेतले आणि सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के आहे. तर विटेत उष्णता होते ३० वॅटची, आणि उरलेले १७० वॅट कॉन्सोलमध्येच जातात. तिथे त्यांचीही शेवटी उष्णताच होते. ३० वॅट म्हणजे लॅबमधल्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा थोडी जास्त. ती पोटातून बाहेर काढली हे चांगलंच, पण खरी आग चिपमध्ये आहे, ती तशीच राहते.

याचा पुरावा म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०. हा २००५ साली आला. त्याची वीट २०३ वॅटची होती, तिच्यात स्वतःचा पंखासुद्धा होता. तरीही लाल वर्तुळ दाखवून कॉन्सोल मरू लागले. ग्राफिक्स चिपवरचा हीट सिंक डीव्हीडी ड्राइव्हच्या खाली बसावा म्हणून बुटका केलेला. त्यात मशीन चालू झालं की चिप तापायची, बंद झालं की निवायची. या रोजच्या प्रसरण-आकुंचनाने चिपच्या आतले जोड तुटत होते, असं कंपनीच्या लोकांनी २०२१ च्या माहितीपटात सांगितलं. जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी तीन वर्षांची वॉरंटी दिली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च अंगावर घेतला. बाहेरच्या विटेने कॉन्सोल वाचवला नाही.

मग मी माझं मत बदललं का? नाही. फक्त कारण बदललं. वीट थंडाव्यासाठी बाहेर हवी असं मी म्हणतच नाही. ती बदलता यावी म्हणून बाहेर हवी.

त्याच २००५ सालातलं सोनीचं उदाहरण बघा. प्लेस्टेशन २ च्या बारीक मॉडेलचा अडॅप्टर बाहेर होता. त्यातले काही जास्त तापू शकतात असं लक्षात आल्यावर सोनीने सुमारे ३५ लाख अडॅप्टर परत मागवले. नीट वाचा, अडॅप्टर परत मागवले, कॉन्सोल नव्हे! माणसाने जुना द्यायचा, नवा घ्यायचा, गेम सुरू. हाच दोष पोटातल्या सप्लायमध्ये असता तर ३५ लाख मशीनची वरात निघाली असती.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या काकांचं. अनेक घरांत कॉन्सोल येतो तो काकांच्या बॅगेतून. अमेरिकेतल्या एक्सबॉक्स ३६० ची वीट १०० ते १२७ व्होल्टची. आपल्या २३० ला लावली की संपलीच. पण इथली योग्य वीट जोडली की तोच कॉन्सोल आपल्याकडेही चालतो. तसाच सप्लाय पोटात असेल तर आयुष्यभर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सोबत बाळगा.

आता थोडं आमच्या हवेबद्दल. लोक म्हणतात, दमट हवेत मशीन थंड होत नाही. हे चूक आहे. दमट हवेत आपला घाम वाळत नाही म्हणून आपण बेजार होतो, पण हीट सिंकला कुठे घाम येतो? त्याला फरक पडतो तो तापमानाने. प्लेस्टेशन ४ च्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलंय. मे महिन्यात दुपारी खोलीच तेहतीस-चौतिसावर असते. त्यात कॉन्सोल टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात, वर आईने घातलेलं क्रोशाचं रुमालपांघरूण. कपाटात ३५ अंश राहतील का, तुम्हीच सांगा.

आणि खरा शत्रू दमटपणा एकटा नाही, मीठ आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. पंखा दिवसभर खारी हवा आणि धूळ आत ओढतो, आणि बोर्डावर त्याचा वीज वाहून नेणारा चिखल होतो. चालू मशीन निदान गरम असतं, कोरडं राहतं. परीक्षेच्या काळात महिनाभर बंद ठेवलेलं मशीन जास्त धोक्यात! म्हणजे 'अभ्यासासाठी बंद ठेवला' हे आईला पटेल, कॉन्सोलला नाही.

बोटींच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा लावतात, तो कोळीवाड्यात कुणालाही विचारा. खाऱ्या पाण्यात आधी जस्त झिजतं आणि पंखा वाचतो. झिजलं की नवा तुकडा. वीट म्हणजे कॉन्सोलचं जस्त आहे. काहीतरी जाणारच, मग जे स्वस्त आणि सुटं आहे ते जाऊ दे.

विटेला दोष नाहीत असं नाही. १२ व्होल्टवर २०० वॅट पाठवायचे म्हणजे १६-१७ अँपिअर करंट. त्यासाठी वायर जाड लागते आणि वायरमध्येही थोडी वीज वाया जाते. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी, त्यामुळे एकाची वीट दुसऱ्याला चालत नाही. आणि सप्लाय आत ठेवूनही चांगलं डिझाइन होतं, हे २०२० च्या प्लेस्टेशन ५ ने दाखवलं. ३५० वॅटचा सप्लाय पोटात, १२० मिलिमीटरचा पंखा आणि भलामोठा हीट सिंक. पण त्यासाठी साडेचार किलोचं धूड करावं लागलं. आणि माझा प्रश्न तिथेही उरतोच. सप्लाय गेला तर श्रीवर्धनच्या काकांनी काय करायचं?

यातून वाट निघू शकते. २०२१ मध्ये यूएसबी-सी चं मानक वाढलं. ४८ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅट. व्होल्टेज वाढवलं की करंट कमी, वायर बारीक. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलबरोबर हातात धरायच्या गेम कॉन्सोलनाही यूएसबी-सी सक्तीचं झालं. एक्सबॉक्स ३६० च्या २०३ वॅटच्या विटेचं काम या वायरवर भागलं असतं. प्लेस्टेशन ५ च्या ३५० वॅटला ती अजून पुरत नाही. पण दिशा हीच आहे. एकच मानक, कुठल्याही बाजारात मिळणारी, कुणालाही बदलता येणारी वीट.

आपल्यातले काही जण उद्या कुठेतरी डिझाइनच्या टेबलावर बसतील. कुणीतरी म्हणेल, 'सप्लाय आत घ्या, बॉक्स सुटसुटीत दिसेल.' तेव्हा टेस्टिंग लॅबच्या एसीबाहेरही गिऱ्हाईक राहतं, हे आठवा. खारं वारं, मिणमिणता बल्ब आणि सगळ्यात जवळचं सर्व्हिस सेंटर चार तासांवर, असं तिथलं स्पेसिफिकेशन आहे. ते कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

तोपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करू. कॉन्सोल कपाटातून बाहेर काढा, वीट गादीवर न ठेवता मोकळ्या फरशीवर ठेवा, लाईट गेली की प्लग काढा, आणि ते क्रोशाचं पांघरूण... ते आईला तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही!