पाच वॅटचा संवाद

हौशी रेडिओच्या छंदाविषयी सर्वसाधारण समज असा, की मोठे यंत्र व मोठा खर्च यांवाचून दूरचा संवाद शक्य नाही. ‘क्यूआरपी’ ही पद्धती तो समज खोटा ठरविते. तारसंकेतांच्या परिभाषेत या अक्षरांचा अर्थ ‘प्रक्षेपणशक्ती कमी करा’. मोर्स संकेतांसाठी ५ वॅट ही तिची रूढ मर्यादा. घरातील लहान एलईडी दिव्याइतकी.

येथे हिशेब पाहावा. १०० वॅटवरून ५ वॅटवर आल्यास शक्ती विसाव्या हिश्श्यावर येते. परंतु पलीकडच्या ग्राहकयंत्राच्या संकेतमापकावर ही घट सुमारे दोनच पायऱ्यांची दिसते. म्हणून नवशिक्याने पहिला पैसा शक्तीवर नव्हे, एरिअलवर खर्चावा. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी प्रत्येकी सुमारे १० मीटरच्या दोन तारा गच्चीवर उंच ताणल्या, की उत्तम ‘डायपोल’ सिद्ध होतो. विजेच्या तारांपासून मात्र तो दूर असावा. संचाच्या बाबतीत हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेल्या ‘बिटएक्स’ने अनेकांना स्वस्त मार्ग दाखविला.

परवान्याविना प्रक्षेपण हा मात्र गुन्हा आहे. त्यासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. बारा वर्षांवरील मुलांनाही ती देता येते.

अल्प शक्तीचा हौशी आधी दीर्घकाळ ऐकतो, पट्टा मोकळा होण्याची वाट पाहतो, मोजके बोलतो आणि प्रत्येक संवादाची नोंद रोजमेळाप्रमाणे त्याच दिवशी करतो. अल्प भांडवलावर पेढी उभारणाऱ्यांना ही शिस्त अपरिचित वाटू नये.