सीमा शिकायला निघालात, भाषा घेतलीत का?

परदेशी शिक्षणाचे वारे आता रामाकोन्यापर्यंत पोचले आहे. स्थलांतर आणि सीमाभागातील समाज हाही तिकडे अभ्यासाचा विषय असतो, असे कळले की आपले पालक हरखतात. ऑक्सफर्डमध्ये १९८२ पासून निर्वासितांच्या अभ्यासाचे केंद्र आहे. मेक्सिकोच्या सीमेला खेटून एल पासो येथे टेक्सासचे विद्यापीठ आहे. मुलांनी जरूर जावे. माझा वाद आहे तो पालकांशी. ज्या विद्येसाठी मुलाला सातासमुद्रापार धाडायचे, तिचे पहिले हत्यार आपण घरीच मोडीत काढतो आहोत. ते हत्यार म्हणजे मराठी.

१८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथली स्पॅनिश बोलणारी माणसे जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्यावरून सरकली. आपले काय झाले? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्याच राज्याची राजधानी होती. त्या दिवशी नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सौंसर-पांढुर्ण्यात कोणी बैलगाडी जुंपली नाही, तरी काटोल-नरखेडचे सोयरे परराज्यातले झाले. तिथे देश बदलला, इथे फक्त राज्य. तुलना ताणू नये, हे मान्य. पण शाळेची आणि कचेरीची भाषा बदलली की घरात काय घडते, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

त्याचे उत्तर ग्रंथालयात नाही, आजीपाशी आहे. एल पासोत लोकांमध्ये बसून काम करायचे तर स्पॅनिश लागते. आपल्या मुलाला मराठी, हिंदी दोन्ही अंगणातच मिळतात. त्यातली एक आपण ‘मागासलेली’ म्हणून काढून घेतो, जनगणनेच्या रकान्यात मातृभाषा हिंदी सांगतो, आणि वर म्हणतो, पोराला सीमाभागाचा अभ्यास करायचा आहे!

‘हिंदीशिवाय नोकरी नाही, इंग्रजीशिवाय परदेश नाही,’ असे उत्तर ठरलेले असते. खरेच आहे. पण त्यासाठी मराठी सोडा, असे कोणी सांगितले? उलट १९५६ सालीच राज्यघटनेत ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, अशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. शासनाची उदासीनता मी झाकत नाही. पण मागणारेच उठून गेले, तर पंगतीत वाढायचे कोणाला?

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या. माणसे तीच आहेत. या दिवाळीत मुलाच्या हाती वही द्या. आजी कोणत्या गावची, लेकी कुठे दिल्या, मजुरीला कोण कुठे गेले, २०१५ मध्ये बंद पडलेल्या छोट्या गाडीने नागपूरला कोण कशासाठी जात असे, हे त्याने तिच्याच बोलीत लिहून घ्यावे. परदेशी प्राध्यापक त्याला अभ्यासाची रीत शिकवतील. आजीचे बोलणे समजून घ्यायला मात्र ते शिकवू शकणार नाहीत.